मुद्दल राखणारे गाव : एली

व्यापारी घराण्यातील मुलगा पेढीवर बसू लागला की वडीलधाऱ्यांकडून त्याला एक गोष्ट पहिल्याच वर्षी ऐकावी लागते. नफा खर्चावा, व्याज खर्चावे. मुद्दलाला हात लावू नये. ऐकताना हे सोपे वाटते. कठीण असते ते मुद्दल कोणते आणि व्याज कोणते हे ओळखणे. अमेरिकेच्या उत्तर सीमेजवळील एका लहान गावाला हा प्रश्न गेली सव्वाशे वर्षे पुनःपुन्हा सोडवावा लागला आहे, आणि त्याचे उत्तर अद्यापही एकमुखाने मिळालेले नाही. त्या गावाचे नाव एली.

मिनेसोटा राज्याच्या ईशान्य कोपऱ्यात, शगावा सरोवराच्या दक्षिण काठावर हे गाव वसले आहे. २०२० च्या जनगणनेत येथील लोकसंख्या सव्वातीन हजारांच्या आसपास होती. म्हणजे आपल्याकडील एखाद्या मध्यम खेड्याएवढी. मिनियापोलिसहून मोटारीने येथे पोहोचण्यास सुमारे साडेचार तास लागतात. मिनियापोलिस आणि सेंट पॉल या जोडशहरांत मराठी कुटुंबांची चांगली वस्ती आहे, त्यामुळे मुलांकडे किंवा नातलगांकडे उन्हाळ्यात गेलेल्या पाहुण्यांना एलीची वाट अवघड नाही. गावाची मुख्य पेठ शेरिडन स्ट्रीट या एकाच रस्त्यावर सामावलेली आहे. या पेठेतील दुकानांच्या आवारात मोटारींपेक्षा होड्या अधिक दिसतात : एकावर एक रचलेल्या, गाड्यांच्या टपांवर बांधलेल्या, दुरुस्तीसाठी पालथ्या घातलेल्या. गावाचा चरितार्थ कशावर चालतो, हे विचारावे लागत नाही.

गावाच्या पूर्वेस फर्नबर्ग रोड नावाचा रस्ता जातो. तो अरण्याच्या तोंडाशी जाऊन थांबतो. त्यापुढे मोटार नाही, वीज नाही, दुकान नाही. बाउंडरी वॉटर्स या नावाने ओळखले जाणारे हे संरक्षित अरण्य १० लाख एकरांहून मोठे आहे. त्यात १,१०० हून अधिक सरोवरे असून होडीने फिरण्याच्या वाटा सुमारे १,९०० किलोमीटर भरतात. हिमयुगातील प्रचंड हिमनद्यांनी येथील अतिप्राचीन खडक खरवडून काढला आणि त्या खळग्यांत पाणी साचले. त्यातून हे सरोवरांचे जाळे निर्माण झाले. सरोवरे इतकी की नावे ठेवणारेही बहुधा थकले असावेत. रस्त्याच्या शेवटाशी असलेल्या सरोवराचे नाव लेक वन, म्हणजे पहिले सरोवर. त्यापुढे दुसरे, तिसरे आणि चौथे. उत्तरेकडे सीमा ओलांडली की कॅनडातील क्वेटिको हे तितकेच विस्तीर्ण अरण्य सुरू होते.

तथापि एली गाव वसले ते या सरोवरांसाठी नव्हे. १८८८ मध्ये येथवर रेल्वे आली ती लोखंडासाठी. गावाखाली उत्तम प्रतीचे लोहखनिज सापडले आणि एकाच साठ्यावर चँडलर, पायोनिअर, झेनिथ, सिब्ली आणि सॅव्हॉय अशा पाच खाणी उभ्या राहिल्या. फिनलंड, स्लोव्हेनिया, क्रोएशिया, इटली अशा दूरदूरच्या देशांतून माणसे येथे पोटासाठी आली. खनिज रेल्वेने सुपीरियर सरोवराच्या काठावरील बंदरात जाई आणि तेथून बोटींनी पूर्वेकडील पोलाद कारखान्यांना पोहोचे. पगार नियमित होता. शाळा, दवाखाने, दुकाने यांना त्याचा आधार होता. १९६७ मध्ये शेवटची, पायोनिअर खाण बंद झाली आणि एका पिढीला ठाऊक असलेला उद्योग संपला. जमिनीखालील खनिज काढून घेताना वरची जमीन खचत गेली होती. त्या खचलेल्या भागात हळूहळू पाणी भरले आणि गावाच्या कडेलाच एक नवे सरोवर तयार झाले. त्याला मायनर्स लेक, म्हणजे खाणकामगारांचे सरोवर, असे म्हणतात.

खाण म्हणजे मुद्दल खाणारा धंदा. त्यात लबाडी नसते, कष्ट तर अपार असतात. पण एकदा बाहेर काढलेले लोखंड पुन्हा त्या जमिनीत येत नाही. एलीच्या दुकानदारांपैकी काहींनी ही गोष्ट खाण बंद होण्याच्या कितीतरी आधी ओळखली होती. १९२० च्या दशकापासूनच येथे एक वेगळा व्यवसाय मूळ धरू लागला. शहरांतून सरोवरांत फिरायला येणाऱ्यांना होडी, तंबू, झोपण्याच्या पिशव्या आणि शिधा असे सर्व साहित्य भाड्याने वा विकत पुरवायचे, नकाशा समजावून सांगायचा आणि गरज असल्यास वाटाड्या द्यायचा. अशा दुकानाला तेथे आउटफिटर म्हणतात. जीवशास्त्राचे शिक्षक आणि पुढे स्थानिक महाविद्यालयाचे प्रमुख झालेले सिगर्ड ओल्सन हे अशाच एका दुकानाचे भागीदार होते. अरण्याविषयीच्या पुस्तकांमुळे त्यांचे नाव पुढे देशभर झाले. पण ग्राहकाचे सामान बांधून देण्याचा आणि हिशेब राखण्याचा अनुभव त्यांनी लेखक म्हणून प्रसिद्ध होण्यापूर्वीच घेतला होता.

या अरण्यात जाण्याची रीत व्यापारी माणसाला विचार करायला लावणारी आहे. येथील होडीला कॅनो म्हणतात. दोन्ही टोकांना निमुळती, वल्ह्याने चालवायची ही होडी मूळ आनिशिनाबे, म्हणजेच ओजिब्वे, या आदिवासी लोकांची. ते ती बर्चच्या सालीपासून बनवीत. पुढे कातड्यांचा व्यापार करणाऱ्या फ्रेंच-कॅनेडियन वाहकांनी तीच उचलली. एक सरोवर संपले की होडी पाण्याबाहेर काढून खांद्यावर उलटी घ्यायची, पाठीवर सामान घ्यायचे आणि पायवाटेने पुढच्या सरोवरापर्यंत चालत जायचे. या पायवाटेला पोर्टेज म्हणतात. तिची लांबी आजही रॉड या जुन्या मापात सांगतात. १ रॉड म्हणजे साडेसोळा फूट, साधारण एका होडीची लांबी. ३२० रॉडचा १ मैल. त्या काळचे वाहक सुमारे ४१ किलो वजनाचा एक गठ्ठा, असे दोन गठ्ठे एका खेपेत पाठीवर वाहून नेत. आजची हलकी होडी १८ ते २० किलोंची असते आणि ॲल्युमिनियमची ३० किलोंहून जड. घरी बांधाबांध करताना जे जे आवश्यक वाटले होते, त्यातील निम्मे अनावश्यक होते हे पहिल्या पोर्टेजवर खांदेच सांगतात. म्हणून अनुभवी दुकानदार नव्या ग्राहकाला सामान विकण्याआधी त्याच्या पिशवीतील सामान कमी करून देतो. जास्त माल खपवून नव्हे, तर कमी माल देऊन ग्राहक टिकविण्याचा हा धंदा आहे.

सरकारी नियमही याच धोरणाचे आहेत. एका गटात जास्तीत जास्त ९ माणसे आणि ४ होड्या. १ मे ते ३० सप्टेंबर या काळात प्रत्येक प्रवेशद्वारातून मुक्कामासाठी दररोज ठरावीक गटांनाच सोडले जाते. परवाना आधी काढावा लागतो आणि तो त्याच दिवशी, त्याच द्वारासाठी चालतो. परवाना हाती देण्यापूर्वी नियम समजावून सांगतात. खाद्यपदार्थांचे पत्र्याचे डबे आणि काचेच्या बाटल्या आत नेण्यास बंदी आहे. मुक्काम फक्त ठरवून दिलेल्या जागी, चूल फक्त तेथील लोखंडी जाळीत. कचरा परत आणायचा. भांडी सरोवरात धुवायची नाहीत. पाणी काठापासून दूर नेऊन धुवायची. काळ्या अस्वलांचा वावर असल्याने अन्न झाडावर उंच टांगून किंवा अस्वलाला न उघडणाऱ्या डब्यात ठेवावे लागते.

शाकाहारी कुटुंबाला यात अडचण येत नाही. भाजणीचे पीठ, भाजलेले पोहे, खाकरे, मेतकूट, मुगाच्या डाळीचे खिचडीचे मिश्रण, पुन्हा वापरता येणाऱ्या प्लास्टिकच्या डबीत तूप आणि लोणचे, एवढ्यावर चार दिवस सुखाने निघतात. पाणी सरोवराचेच, पण ते गाळून वा उकळूनच घ्यावे लागते. जूनच्या अखेरीस सूर्य रात्री नऊच्या सुमारास मावळतो, त्यामुळे उजेडी जेवण आटोपण्यास भरपूर वेळ मिळतो. जूनमध्ये डासांचा आणि चावऱ्या माश्यांचा त्रास फार. जुलैअखेर आणि ऑगस्टमध्ये रानात निळ्या बेरी पिकतात, आणि ऑगस्टच्या शेवटी डास कमी होऊन हवा सुखद होते. संध्याकाळी लून या पाणपक्ष्याची लांबलचक साद सरोवरावरून येते. ती प्रथम ऐकणाऱ्याला क्षणभर कोणी माणूस हाका मारत असल्याचा भास होतो.

ही शांतता आपोआप टिकलेली नाही, आणि ती टिकविण्याचा खर्च कोणी सोसला हे सांगितल्याशिवाय एलीची हकिगत पुरी होत नाही. १९०९ मध्ये सुपीरियर राष्ट्रीय वन जाहीर झाले. १९२० च्या दशकात एका उद्योगपतीने सीमेवरील सरोवरांवर धरणांची मालिका बांधण्याची योजना मांडली. तिला विरोध झाला आणि १९३० च्या कायद्याने काठापासून ४०० फुटांपर्यंत वृक्षतोड व पाण्याची पातळी बदलणे निषिद्ध ठरले. दुसऱ्या महायुद्धानंतर छोट्या विमानांतून थेट आतल्या सरोवरांवर उतरणाऱ्या पर्यटकांची गर्दी वाढली. १९४९ मध्ये अध्यक्ष ट्रुमन यांनी या अरण्यावरून कमी उंचीवरील विमानांना बंदी केली. १९४८ च्या एका कायद्याने आतील खासगी निवास आणि जमिनी सरकारने विकत घेण्यास आरंभ झाला होता. त्याच कायद्याने संबंधित जिल्ह्यांना बुडालेल्या कराच्या बदल्यात जमिनीच्या मूल्याच्या पाऊण टक्का रक्कम दरवर्षी देण्याचे ठरविले. शेवटी १९७८ च्या कायद्याने या अरण्यातील सुमारे तीन चतुर्थांश पाण्यावर मोटारबोटी बंद केल्या.

कागदावर ही प्रगतीची यादी वाटते. एलीत ती तशी वाटली नाही. आतल्या बेटावर निवासगृह बांधून दोन पिढ्या पाहुण्यांची सरबराई केलेल्या कुटुंबाला मोबदला मिळाला, पण धंदा गेला. विमानाने पाहुणे नेणाऱ्यांचा धंदा गेला. मोटारबोटीने मासेमारीस जाणाऱ्या म्हाताऱ्यांना आपली नेहमीची सरोवरे परकी झाली. दूरच्या शहरातील सुशिक्षितांनी आपल्या हौसेसाठी आपल्या पोटावर पाय दिला, अशी गावातील अनेकांची भावना होती आणि ती सर्वस्वी निराधार म्हणता येत नाही. १९७७ मध्ये एलीत या कायद्यासंबंधी जाहीर सुनावणी झाली तेव्हा अठ्ठ्याहत्तर वर्षांच्या ओल्सन यांचा पुतळा लोकांनी बाहेर फासावर लटकविला. बोलण्यास उभे राहिल्यावर त्यांची हुर्यो उडविण्यात आली. ज्या पेठेत त्यांनी दुकान चालविले, ज्यांच्या मुलांना शिकविले, त्याच गावात हे घडले. ते गाव सोडून गेले नाहीत. १९८२ च्या जानेवारीत बर्फात चालत असताना एलीतच त्यांचे निधन झाले.

कायदा आणि माणूस यांच्यात वाट काढता येते याचेही एक उदाहरण एलीत पाहायला मिळते. डोरोथी मोल्टर या परिचारिका १९३० च्या दशकापासून नाइफ लेकमधील बेटावर राहत. विमाने बंद झाल्यावर थंड पेये आत येईनाशी झाली, तेव्हा त्या रूट बिअर नावाचे, मद्याचा अंश नसलेले घरगुती पेय बनवून येणाऱ्याजाणाऱ्या होडीवाल्यांना देऊ लागल्या. ते थंड करण्यासाठी लागणारा बर्फ त्या हिवाळ्यात सरोवरातूनच कापून, लाकडाच्या भुशात साठवीत. कायद्याने त्यांनाही बाहेर पडावे लागले असते. पण जनमताच्या दडपणामुळे त्यांना हयातभर तेथे राहू देण्यात आले. १९८६ च्या डिसेंबरमध्ये त्या वारल्या. त्यानंतर त्यांच्या लाकडी झोपड्या सुट्या करून बर्फावरून एलीत आणल्या गेल्या आणि तेथे पुन्हा उभारून त्यांचे संग्रहालय केले. अनेक मैल वल्हवून आलेल्या अनोळखी माणसाला थंड पेयाची बाटली देणारे हे एका बाईचे दुकान, भर पेठेतील मोठमोठ्या दुकानांपेक्षा अधिक लोकांच्या स्मरणात राहिले आहे.

मुद्दल एकदा खर्ची पडले की ते भरून काढण्यास किती काळ लागतो, याचा हिशेब गावाच्या दारातील शगावा सरोवरानेच मांडला आहे. अनेक दशके एलीचे सांडपाणी या सरोवरात सोडले जाई. त्यातील फॉस्फरसमुळे उन्हाळ्यात पाण्यावर शेवाळाचा हिरवा थर दाटे. १९७३ मध्ये फॉस्फरस काढून टाकणारे सांडपाणी शुद्धीकरण केंद्र संघराज्य सरकारच्या पर्यावरण खात्याच्या साहाय्याने सुरू झाले. नवा फॉस्फरस जवळजवळ थांबला, तरी सरोवर लगेच निवळले नाही. तळच्या गाळात वर्षानुवर्षे साठलेला फॉस्फरस दर उन्हाळ्यात पाण्यात मिसळत राहिला आणि शास्त्रज्ञांच्या अंदाजापेक्षा सुधारणेला अधिक काळ लागला. उधारी बंद केली म्हणून जुने कर्ज त्याच दिवशी फिटत नाही, हे पेढीवरील कोणालाही सांगावे लागणार नाही. मात्र कर्ज फेडण्याचा निश्चय कायम राहिला की खाते केव्हातरी बेबाक होण्याच्या मार्गाला लागते, हेही याच सरोवराने दाखविले.

हाच प्रश्न आता नव्या रूपात गावापुढे उभा आहे. एलीच्या आग्नेयेस, बर्च लेकच्या परिसरात, जमिनीखाली तांबे आणि निकेल यांचा मोठा साठा आहे. हे धातू गंधकाशी जोडलेल्या खनिजात असतात. असे खनिज फोडून हवा-पाण्याच्या संपर्कात आले की त्यातून आम्ल तयार होऊ शकते, आणि येथील पाणी उत्तरेकडे, थेट संरक्षित अरण्यात वाहते. २०२३ च्या जानेवारीत अमेरिकी सरकारने या पाणलोटातील सुमारे सव्वादोन लाख एकर सरकारी जमीन २० वर्षांसाठी नव्या खाणींना बंद केली. तो निर्णय उलटविण्याचे प्रयत्न त्यानंतरही झाले. खाणीच्या बाजूने बोलणाऱ्यांचे म्हणणे हसण्यावारी नेण्यासारखे नाही. पर्यटनाचा हंगाम जेमतेम चार-पाच महिन्यांचा; नोव्हेंबरपासून एप्रिलपर्यंत सरोवरे गोठलेली असतात. होडी भाड्याने देणाऱ्या दुकानात मिळणारी मजुरी खाणीतील पगाराची बरोबरी करीत नाही. तरुण मुले गाव सोडतात, शाळेतील पट कमी होतो. शिवाय विजेवर चालणाऱ्या गाड्यांना तांबे आणि निकेल लागतेच; ते कोठून तरी काढावेच लागणार. दुसऱ्या बाजूचे दुकानदार विचारतात, की वीस-पंचवीस वर्षे चालणाऱ्या खाणीसाठी, नातवालाही पोसू शकेल असे पाणी पणाला लावायचे काय? एकाच पेठेत, समोरासमोरच्या दुकानांच्या काचांवर परस्परविरोधी फलक लागतात. दोन्ही फलक लावणारे एकमेकांचे शेजारी असतात.

व्याजावर जगणे हे मुद्दलावर जगण्याइतके ऐषारामाचे नसते, ही एलीची खरी शिकवण आहे आणि ती गोड नाही. व्याज थोडे असते, हंगामी असते आणि त्यावर कायद्याचे कुंपण असते. दररोज किती ग्राहक आत जातील हे सरकारने ठरविल्यावर दुकानदाराला गिऱ्हाईकांची संख्या वाढवून श्रीमंत होता येत नाही. त्याला माल अधिक चांगला करावा लागतो, सल्ला अधिक खरा द्यावा लागतो आणि आज आलेल्या मुलाने वीस वर्षांनी आपल्या मुलांना घेऊन यावे, असा व्यवहार ठेवावा लागतो. हिवाळ्यात काहींनी कुत्र्यांच्या घसरगाड्यांच्या सहली सुरू केल्या. १९९३ पासून गावात आंतरराष्ट्रीय लांडगा केंद्र आहे. अलास्का सोडून उर्वरित अमेरिकेतून लांडगे जवळजवळ नाहीसे झाले होते तेव्हा ते टिकून राहिले ते प्रामुख्याने याच जंगलपट्ट्यात. ज्या प्राण्याला मारण्यासाठी एके काळी सरकार इनाम देई, त्याला पाहण्यासाठी आता लोक तिकीट काढतात.

एलीस जाणाऱ्याला होडी वल्हविण्याची हिंमत नसली तरी हरकत नाही. वृद्ध मंडळींना आणि लहान मुलांनाही जमेल अशी ट्रेझोना ट्रेल नावाची सुमारे ६ किलोमीटरची पक्की पायवाट गावातच आहे. ती मायनर्स लेकला वळसा घालते. वाटेजवळ पायोनिअर खाणीचा जुना मनोरा उभा आहे. खाली शांत, निळे, खोल पाणी दिसते. तेथे पूर्वी जमीन होती, हे माहीत नसलेल्याला ते अन्य कोणत्याही सरोवरासारखेच सुंदर वाटते. तेथून थोड्याच अंतरावर शगावाचा काठ आहे. दोन्ही पाहून व्हायला अर्धा दिवस पुरतो.